चतुराबाईचं नाक

राणीसावरगावात लग्न ठरलं की तीन ठिकाणी सांगावा जातो: मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींकडे, मंडपवाल्याकडे आणि चतुराबाईकडे. पहिल्या दोघांना फोन केला तरी भागतं. चतुराबाईला मात्र घरी जाऊन, कुंकू लावून, 'अमक्या दिवशी येसर भाजायचंय, तुमी या' असं तोंडानं सांगावं लागतं. एकदा एका शिकलेल्या घरानं तिच्या मुलाच्या मोबाईलवर पत्रिका धाडून बोलावणं उरकलं होतं. चतुराबाई गेली, भाजून आली आणि पुढं दोन वर्षं त्या घराचा विषय निघाला की 'ते मोबाईलवाले' एवढंच म्हणायची.

येसर ज्यानं खाल्लं नाही त्याला ते समजावणं अवघड, तरी सांगायला हवं. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, धने, जिरे, मिरे, सुंठ, दगडफूल, वाळलेल्या मिरच्या, असं बरंच काही वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. डबा भरून ठेवला की घरात कोणीही, कितीही माणसं घेऊन आलं तरी बाई डगमगत नाही. एकच भगुनं चुलीवर चढवायचं. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, मग किसलेलं खोबरं आणि शेंगदाण्याचं कूट, मग पाणी. पाणी खळखळलं की गार पाण्यात कालवलेलं येसर एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. मीठ, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. बघता बघता पाण्याचा रस होतो, रस दाट होतो, वर लालसर तवंग आणि खाली सायीसारखी मऊ आमटी. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करायची आणि मान खाली घालून जेवायचं. शहरात असल्या पदार्थाला सूप म्हणतात आणि जेवणाच्या आधी चमच्यानं पितात असं ऐकून आहे. इकडं त्याच्यावर माणूस दिवसभर नांगर धरतो.

आता आमटी कोणालाही जमते. खरी मेख भाजण्यात आहे. प्रत्येक दाण्याची वेळ वेगळी. गहू फुटेपर्यंत थांबायचं, डाळ तांबूस होईपर्यंत, आणि धने... धन्यांचं काही खरं नाही. रंग बदलायची वाट बघितली तर कडू होतात आणि घाई केली तर कच्चे राहून आमटी पिठूळ लागते. त्या दोन्हींच्या मधे एक क्षण असतो, आणि तो चतुराबाईच्या नाकाला कळायचा. 'उतरा' म्हणाली की कढई उतरायची. तिच्या शब्दावर कोणी दुसरा शब्द काढलेला गावाला आठवत नाही.

त्या नाकाच्या गोष्टी सांगायच्या तर संध्याकाळ पुरणार नाही. रस्त्यानं जाताजाता तिनं गल्लीतल्या कुसुमबाईच्या दारात थांबून 'तूर खाली लागायलीय' असं सांगितलं होतं, तेव्हा कुसुमबाई स्वतः चुलीपुढंच बसलेली होती. गंगाखेडच्या बाजारात एका दुकानदारानं 'नवे धने' म्हणून पोतं उघडलं, तर ही तीन हात लांबून म्हणाली, 'नवे हायेत, पर गेल्या साली नवे व्हते.' दुकानदार भांडायला उठला आणि शेवटी आतून दुसरं पोतं घेऊन आला. ही गोष्ट चतुराबाईला इतकी आवडते की ती सांगताना तिला भूक-तहान राहत नाही, आणि दर वेळी दुकानदार थोडा अधिक लठ्ठ होतो.

चतुराबाईला लिहिता येत नाही. अंगावर काळी पोत आणि दोन चांदीची जोडवी, शेत साडेतीन एकर. मोठ्या घरच्या बायका तिच्याशी एरवी दारातून बोलत. पण येसराच्या दिवशी त्याच घरांच्या अंगणात तिला पहिला पाट मिळायचा, तिची ओटी पहिली भरली जायची आणि वीसेक बायका तिच्या तोंडाकडं बघत उभ्या राहायच्या. हे तिला फार आवडायचं. मान मिळालेला कोणाला आवडत नाही?

तिच्या स्वयंपाकाला एकच पारखी होता, तो म्हणजे नवरा, सटवाजी. चतुराबाई स्वतः चव घेऊन बघायची नाही. देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही हा सासूचा शिरस्ता तिनं चाळीस वर्षं पाळला. सगळा कारभार वासावर. आणि पारख सटवाजीच्या ताटावर. त्याची तऱ्हा अशी होती की आमटी चांगली झाली की हा माणूस मुकाट जेवायचा, वाटी पुढं सरकवायचा, पुन्हा मुकाट जेवायचा. बिघडली तरच बोलायचा आणि तेही बायकोला वाईट वाटू नये म्हणून कौतुकाचं बोलायचा. सासू गेल्यावर पहिल्यांदा चूल पेटली त्या दिवशी आमटीत मीठ राहिलं होतं, तेव्हा तो 'लय छान झालीय' म्हणाला होता. चाळीस वर्षांत अशी तारीफ तिच्या वाट्याला चार-पाच वेळाच आली होती आणि ती प्रत्येक तारीफ तिला तारखेसकट पाठ होती.

गणपती उठल्यावर गावात तापाची साथ आली. घरोघरी एकेक जण पांघरूण घेऊन पडला. चतुराबाई आठ दिवस झोपून होती. नवव्या दिवशी उठली, अंगात शक्ती नव्हती, पण सुनेच्या हातची खिचडी खाऊन जीव कंटाळला होता. तिनं भगुनं चढवलं. लसूण टाकला आणि पाटावर टेकून जरा डोळे मिटले. जळायला लागला की नाक सांगेलच. नाकानं काही सांगितलं नाही. डोळे उघडले तेव्हा लसूण जरा काळपट दिसला, पण खोलीत अंधार असेल असं म्हणून तिनं येसर सोडलं, नैवेद्य दाखवला आणि वाढलं.

सटवाजीनं पहिला घास घेतला. घास तोंडात थोडा वेळ फिरला. मग तो म्हणाला, "आज लय झकास झालीय बरं का."

चतुराबाईच्या हातातली पळी तशीच राहिली.

तो शेतात गेल्यावर तिनं हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. रॉकेलची बाटली हुंगली. काही नाही. मग ती गोठ्यात गेली, म्हशीच्या शेणाजवळ वाकली, आणि शेवटचा उपाय म्हणून ओट्यावर पडलेल्या सटवाजीच्या जुन्या वहाणा उचलून नाकाला लावल्या. त्याच वेळी सून, राजेश्री, धुणं घेऊन मागच्या दारानं आत आली. सासू सासऱ्याच्या वहाणा हुंगत असलेली बघून ती जागच्या जागी थांबली.

"शिवायला टाकाव्या लागतेत ह्या," चतुराबाई म्हणाली आणि वहाणा जागेवर ठेवून घरात गेली.

गुडघ्याचं निमित्त करून ती गंगाखेडला डॉक्टरकडं जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, ह्या तापात असं होतं, बऱ्याच जणांचा वास परत येतो, काहींचा येत नाही, वाट बघा. वाट बघणं एवढंच औषध असेल तर गंगाखेडपर्यंत कशाला यायचं, असा विचार करत ती परत आली. घरात कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? आज राजेश्रीला कळलं की उद्या मुलाला, बजरंगला, परवा कुसुमबाईला आणि कुसुमबाईला कळलं की पंचक्रोशीला. मग लग्न ठरलं की दोनच ठिकाणी सांगावा जाईल. ह्या विचारानं तिला रडू यायचं, आणि ती चुलीत ओली काडी घालून धुरात रडून घ्यायची.

दिवाळीच्या तोंडावर घरचं येसर भाजायचं होतं. चतुराबाईनं देवीला हात जोडले, कढई चढवली आणि डोळ्यांवर आणि कानांवर भिस्त ठेवून बसली. राजेश्री शेजारी सूप घेऊन पाखडत होती. ही पोर जिंतूरकडची, बोरीची. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, शिवणकाम चांगलं करते, बोलते कमी. सासूला 'आत्या' म्हणते आणि तिच्यापुढं कधी आवाज चढवत नाही.

गहू झाले, डाळी झाल्या. धने कढईत पडले आणि चतुराबाई कढईवर आणखी वाकली. ती ढवळत राहिली. वास नाही. धूर नाही. रंग तोच. किती वेळ झाला तेही कळेना. तिनं उलथनं कढईच्या काठावर झटकलं, पुन्हा ढवळायला घेणार तोच राजेश्री परात पुढं सरकवून हळूच म्हणाली, "काढू का आत्या?"

चतुराबाईनं सुनेकडं बघितलं. सून खाली मान घालून बसली होती.

"काढ," चतुराबाई म्हणाली.

त्या येसराची आमटी सटवाजीनं मुकाट खाल्ली. दोनदा वाटी सरकवली. चतुराबाई रात्रभर कूस बदलत राहिली, कारण तिच्या ध्यानात सगळं आलं होतं. पोरीनं वहाणा हुंगताना बघितलं होतं. तिला कळलंय. आणि पोरीला नाक आहे, चांगलं तिखट नाक आहे, आणि सासूला 'काढा' असं सांगायचं नसतं म्हणून ती 'काढू का' विचारते. सासूची लाज राखते. आपण हिला आठ वर्षं पोळ्या जाड लाटते म्हणून बोलत आलो आणि हिनं आपली अब्रू अशी झाकली. चतुराबाईला इतकी शरम वाटली आणि इतकी माया आली की दोन्हींचं काय करावं ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुनेला सकाळचा पहिला चहा द्यायला सुरुवात केली. पोळ्यांबद्दल बोलणं बंद केलं. 'तू बस, मी भांडी घासते' म्हणाली. संक्रांतीला बांगड्या भरताना सुनेला आधी बसवलं. राजेश्री आधी गोंधळली आणि मग घाबरली. तिनं बोरीला आईला फोन लावला आणि कोपऱ्यात उभी राहून म्हणाली, "आत्या लय गोड बोलायल्यात. काही कळंना गेलंय. डॉक्टरनं काही मोठं दुखणं सांगितलं असंल का?" आईनं सांगितलं, देवाला नारळ बोल. राजेश्रीनं नारळ बोलला.

दिवाळी ते माघ, गावात दोन लग्नं झाली. दोन्ही येसरांना चतुराबाई गेली आणि 'मदतीला म्हणून' राजेश्रीला घेऊन गेली. दोन्ही ठिकाणी तेच झालं. धने कढईत, चतुराबाईची नजर सुनेच्या परातीवर आणि बरोबर वेळेला शेजारून तो हळू प्रश्न: "काढू का आत्या?" दोन्ही येसरं उत्तम झाली. लोक म्हणाले, चतुराबाईचा हात अजून तसाच आहे. ती हसायची. घरी येऊन मात्र हिंगाची डबी उघडायची, हुंगायची आणि बंद करायची.

माघात कुसुमबाईच्या लेकीचं, मंजुषाचं लग्न निघालं. कुसुमबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई आणि चतुराबाईची पोरवयापासूनची मैत्रीण. म्हणजे आठवड्यातून दोनदा भांडण ठरलेलं. ती स्वतः येऊन कुंकू लावून गेली. "साडेचारशे पान हाय," म्हणाली. "नवरदेवाकडचे पेडगावचे हायेत, खाण्यात लय चिकित्सक. येसरात जराही कमी-जास्त व्हायला नगं, अक्का. तुझ्या जिवावर हाय सगळं."

येसराच्या दिवशी कुसुमबाईच्या अंगणात वीस-बावीस बायका जमल्या. चतुराबाईची ओटी भरली, पाट मिळाला. भाजणं सुरू झालं. ज्वारी झाली, बाजरी झाली, गहू टचटच फुटले. राजेश्री शेजारी परात घेऊन होती, म्हणून चतुराबाई खुशीत होती. चारचौघींची थट्टा करत होती. तेवढ्यात कुसुमबाई घरातून आली आणि म्हणाली, "राजेश्री, माय, तू आत ये बरं. मंजूच्या ब्लाऊजची बाही चुकलीय, उसवून दे. परात सुलाबाई धरंल."

राजेश्री उठून गेली. परात सुलाबाईकडं आली. सुलाबाई भली बाई, पण तिला स्वतःच्या घरी दूध उतू गेलेलं शेजारीण सांगते.

डाळी झाल्या. त्या रंगावर होतात, तिथं डोळे पुरले. मिरच्या झाल्या, त्यावर बावीस बायका खोकल्या. राहिले धने. पाटीत ते हिरवट दाणे साडेचारशे तोंडांसारखे तिच्याकडं बघत पडले होते. चतुराबाईनं दाराकडं बघितलं. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता.

"राजेश्रीला बोलवा जरा," ती म्हणाली.

"कामून?" कुसुमबाई म्हणाली. "सुनंशिवाय तुझा हात चालंना गेलाय का आता?"

बायका हसल्या. चतुराबाईही हसली. धने कढईत पडले आणि ती ढवळायला लागली. पण तिचं चित्त धन्यांवर नव्हतं, मंजुषावर होतं. ही पोर लहान असताना तिच्याच ओट्यावर वाटी घेऊन यायची, 'मावशी, आमटी' म्हणायची. उद्या साडेचारशे पानांवर कडू आमटी गेली तर पेडगावचे लोक मंजुषाला जन्मभर ऐकवतील. आपलं नाव राहावं म्हणून पोरीच्या संसाराच्या पहिल्या दिवशी कडू वाढायचं? चतुराबाई लबाड होती, थोडी भांडकुदळ होती, मानाची भुकेली तर होतीच. पण इतकी वाईट नव्हती.

तिनं कढई स्वतःच्या हातानं खाली ओढली, उलथनं परातीत टाकलं आणि म्हणाली, "बायांनो, ऐका. गणपतीतल्या तापापासून मला वास येईना. हिंगाचाबी न्हाई, कशाचाच न्हाई. दिवाळीपासून जी येसरं झाली ती माझ्या नाकानं न्हाई झाली. राजेश्रीच्या नाकानं झाली. ती 'काढू का' म्हणती आन् मी 'काढ' म्हणते. मी तुमच्याशी लबाडी केली. आता पाटावर तिला बसवा."

कुसुमबाईचं तोंड उघडं राहिलं, आणि ते उघडं असूनही त्यातून आवाज निघाला नाही, हे गावानं पहिल्यांदा बघितलं. कोणीतरी आत जाऊन राजेश्रीला घेऊन आलं. तिच्या हातात अजून सुई होती.

"बस माय," चतुराबाई पाटावरून उठत म्हणाली. "म्या सांगितलं सगळ्यांना. तू लय दिवस झाकून घेतलंस."

"काय झाकून घेतलं?" राजेश्री म्हणाली.

"माझं नाक गेल्यालं. तुझ्या नाकावर तर चाललं व्हतं."

राजेश्री सासूकडं बघत राहिली. "माझ्या नाकावर?" ती म्हणाली. "आत्या, मला कुठं काय कळतंय धन्याचं? बारा महिने सर्दी असती मला. मला तर तुमचं नाक गेल्यालंबी म्हाईत न्हाई. मला वाटलं, तुमाला काही मोठं दुखणं झालंय. म्या नारळ बोललाय."

"मग तू बराबर टायमाला कशी इचारतीस?"

"तुमी ठोकताव की," राजेश्री म्हणाली. "धने झाले की तुमी उलथनं कढईच्या काठावर दोनदा ठोकताव. टक टक. आठ वर्सं झाली, बघायले मी. ते ठोकलं की 'उतरा' म्हणताव. अलीकडं तुमी ठोकून गप बसायलाव, म्हणून म्या इचारते, काढू का."

चतुराबाईनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. "मी ठोकते?"

"व्हय की," सुलाबाई म्हणाली. "मी तर तेच ऐकून परात उचलते."

"समद्या गावाला म्हाईत हाय," मागून आणखी एक जण म्हणाली. "आमच्या घरातली लेकरंबी चतुरामावशीचा खेळ खेळताना दोनदा ठोकतेत."

आता कुसुमबाईचा आवाज परत आला. ती हसायला लागली, इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. तिचं बघून बाकीच्या हसल्या. चतुराबाईला आधी राग आला आणि मग तिलाही हसू फुटलं. सासू सुनेच्या नाकावर, सून सासूच्या हातावर; चार महिने दोघी एकमेकींच्या भरवशावर चालल्या होत्या आणि वाट दोघींनाही माहीत नव्हती. मग धने कोणी भाजले? तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. नाक नव्हतं तेव्हाही हात ठोकत होता. दाणे भाजत आले की त्यांचा आवाज बदलतो, हलके होतात, उलथन्याखाली सुळसुळ सरकतात. चाळीस वर्षं ते हाताला आणि कानाला कळत होतं आणि मान सगळा नाक घेऊन गेलं होतं.

"बस खाली," कुसुमबाई डोळे पुसत म्हणाली. "पाट तुझाच हाय. धने गार व्हायलेत."

कढई पुन्हा चढली. चतुराबाईनं उलथनं धरलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. बावीस बायका तिच्या हाताकडं डोळे लावून बसल्या, ती स्वतः हाताकडं बघायला लागली, आणि हात लाकडासारखा झाला. आता ठोकेल, मग ठोकेल. आत्ताच ठोकावं का? नको, आपण मुद्दाम ठोकलं तर ते खरं कसं? राजेश्रीनं परात इतकी घट्ट धरली होती की तिची बोटं पांढरी पडली.

कुसुमबाईनं हे बघितलं. मैत्रीण असावी तर अशी. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुलाबाईला म्हणाली, "काही म्हण सुलाबाई, पर ते गंगाखेडच्या दुकानदाराचं खरं न्हाई. नवेच धने व्हते त्येचे. हिनं उगंच भांडण केलं बिचाऱ्याशी."

"काय म्हणालीस?" चतुराबाईची मान वर झाली.

"तिथं व्हती एक बाई, ती मला भेटली. धने नवेच व्हते म्हणाली."

"कोण बाई? तिथं बाई नव्हतीच कुणी. मी व्हते, बजरंग व्हता आन् तो ढेरीवाला व्हता. ढेरी ही एवढी. पोतं उघडलं त्यानं, मी हितं उभी, तो तिथं. मी म्हणलं, नवे हायेत, पर गेल्या साली..." चतुराबाई डाव्या हातानं पोतं दाखवत होती, दुकानदाराची ढेरी दाखवत होती, त्याचा आवाज काढत होती. उजवा हात ढवळत होता, पण त्याच्याकडं आता कोणाचंच लक्ष नव्हतं, तिचं तर नव्हतंच. "तर हा उठला भांडायला. म्हणतो, मावशी, नाक हाय का काय हाय. मी म्हणलं..."

टक टक.

राजेश्रीनं परात पुढं केली. सुलाबाईनं कढई वाकडी केली. धने परातीत पसरले आणि अंगणभर त्यांचा वास सुटला, असं बाकीच्यांनी सांगितलं.

"...मी म्हणलं, आतलं पोतं आण," चतुराबाईनं गोष्ट पूर्ण केली आणि मग रिकाम्या कढईकडं बघितलं. "झाले का?"

दुपारी गिरणीतून दळण आलं. नव्या येसराची पहिली आमटी त्याच दिवशी, त्याच घरी करायची आणि मदतीला आलेल्यांना, घरच्या जाणत्यांना वाढायची, अशी गावाची रीत आहे. कुसुमबाईच्या चुलीवर मोठं भगुनं चढलं. चतुराबाईनं ह्या वेळी लसणावरून नजर हलवली नाही. खोबरं, कूट, पाणी. उकळी फुटल्यावर राजेश्रीनं कालवलेलं येसर सोडलं आणि चतुराबाईनं ढवळलं. रस दाट होत गेला, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. चव कोणी घेतली नाही. देवीला नैवेद्य गेला आणि पंगत बसली.

सटवाजीला मुद्दाम बोलावलं होतं, पण का बोलावलं ते कोणी सांगितलं नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला, भाकरी कुस्करली, वर आमटी घेतली. बावीस बायका दारात, खिडकीत, ओट्यावर. एवढ्या बायका आपल्याकडं का बघताहेत हे न कळून त्यानं एकदा टोपी नीट केली. घास घेतला.

"कशी झालीय भाऊजी?" कुसुमबाईनं विचारलं.

चतुराबाईनं डोळे मिटले. बोलू नका, ती मनात म्हणाली. जन्मात एकदा माझं ऐका, छान म्हणू नका.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग वाटी जमिनीवरून सरकल्याचा आवाज आला. तिनं डोळे उघडले. सटवाजीची वाटी रिकामी होती आणि पुढं आली होती. तो मान खाली घालून उरलेली भाकरी मोडत होता.

चतुराबाई भगुन्यापाशी गेली. तळापासून ढवळून तिनं पळी भरली, वाटीत ओतली, काठोकाठ. मग पळी परत ठेवताना ती भगुन्याच्या काठावर दोनदा वाजली, आणि ह्या वेळी ती चतुराबाईलाही ऐकू आली.